गारवा आत येत नाही

[दृश्य: टेबलावर अ‍ॅल्युमिनियमची जाड पट्टी आणि शेजारी लाकडी फळी. एक हात आळीपाळीने दोन्हींवर टेकतो.]

रात्रभर एकाच खोलीत पडून असलेल्या या दोन वस्तू. पट्टीला हात लावला की चटका बसावा तशी गार लागते. फळीचं तसं काही नाही. आता दोन्हींवर थर्मामीटर टेकवू. इथे २० अंश सेल्सिअस, आणि तिथेही २०!

मग हात खोटं बोलतोय का? खोटं नाही, पण तो उत्तर देतोय वेगळ्याच प्रश्नाचं.

हाताच्या त्वचेचं तापमान असतं ३३ अंशांच्या आसपास. उष्णता आपणहून नेहमी जास्त तापमानाकडून कमी तापमानाकडे जाते. म्हणजे पट्टीतला गारवा हातात शिरत नाही, हातातली उष्णता पट्टीत जाते. अ‍ॅल्युमिनियम ती लाकडापेक्षा हजारपटींहून जास्त सहजपणे पुढे नेतं. हाताला कळतो तो उष्णता निघून जाण्याचा वेग. लाकूड ती सावकाश घेतं, म्हणून उबदार वाटतं.

[दृश्य: बर्फाचे दोन सारखे खडे. एक पट्टीवर, एक फळीवर.]

कोणता आधी वितळेल? बहुतेक जण म्हणतात, फळीवरचा. पट्टी तर गार आहे ना! बघा. पट्टीवरच्या खड्याखाली पाणी साचलंसुद्धा. जी पट्टी हातातली उष्णता भराभर घेत होती, तीच आता बर्फाला भराभर देतेय.

पण जाते ती उष्णता म्हणजे नेमकं काय? एके काळी शास्त्रज्ञांना वाटायचं, तो एक अदृश्य द्रव आहे. नावही ठेवलं होतं, कॅलरिक. मग म्युनिकच्या तोफखान्यात काउंट रम्फर्ड यांनी तोफेच्या धातूत बोथट हत्याराने भोक पाडायला घेतलं, तेही पाण्यात बुडवून. हत्यार घासत राहिलं, आणि अडीच तासांत पाणी उकळू लागलं. विस्तव कुठेच नव्हता! द्रव असता तर कधीतरी संपला असता. ही उष्णता घासणं चालू असेपर्यंत येतच राहिली. १७९८ मध्ये त्यांनी मांडलं: उष्णता ही एक प्रकारची हालचाल आहे.

आज आपण म्हणतो, कणांची हालचाल. तापलेल्या टोकाचे कण जोरात थरथरतात, शेजारच्यांना धक्के देतात, आणि कण जागचे न हलता उष्णता पुढे सरकते. हे वहन. धातूंत मोकळे इलेक्ट्रॉनही या कामाला लागतात, म्हणून ते इतके तरबेज.

पाण्यात आणि हवेत मात्र कण स्वतःच प्रवासाला निघतात. तळाचं पाणी तापून प्रसरण पावतं, हलकं होऊन वर जातं आणि वरचं गार पाणी खाली येतं. हे अभिसरण.

[दृश्य: काळं अवकाश. दूरवर सूर्य.]

इथे तर धक्के द्यायला कणच जवळजवळ नाहीत. तरीही १५ कोटी किलोमीटर ओलांडून सूर्याची ऊब साधारण सव्वाआठ मिनिटांत आपल्यापर्यंत पोहोचते. हे प्रारण. यातला बराच भाग डोळ्यांना दिसतही नाही. १८०० मध्ये विल्यम हर्शेल यांनी लोलकातून पडलेल्या रंगपट्ट्यात तांबड्याच्या पलीकडे, अंधारात, थर्मामीटर ठेवला, आणि तिथेच पारा सगळ्यात वर चढला.

[दृश्य: पुन्हा टेबल. बर्फाचे दोन नवे खडे. एक उघडा, दुसरा लोकरीच्या जाड कापडात गुंडाळलेला.]

लोकर ऊब देते, हो ना? मग गुंडाळलेला खडा आधी वितळायला हवा. थोडा वेळ थांबू.

[दृश्य: घड्याळाचा काटा पुढे सरकतो. उघड्या खड्याचं पाणी झालं आहे. हात कापडाची घडी उलगडतो.]

हा अजून शाबूत आहे.