बरं वाटलं, ते कशामुळे?

मंडळी, विषय मानसिक आजारांवरच्या नव्या उपचारांचा आहे, पण सुरुवात मी एका जुन्या आणि आता पूर्ण बंद पडलेल्या उपचारापासून करतो. 1930च्या दशकात व्हिएन्नामध्ये मानफ्रेड साकेल या डॉक्टरांनी स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांना इन्सुलिनचे मोठे डोस देऊन मुद्दाम बेशुद्ध करायला सुरुवात केली. रक्तातली साखर घसरायची, रुग्ण कोमात जायचा, मग ग्लुकोज देऊन त्याला शुद्धीवर आणायचं. हे आठवड्यातून अनेकदा आणि पुढे कित्येक आठवडे चालायचं. काही रुग्ण त्यात दगावले. तरी जवळपास वीस वर्षं देशोदेशीच्या इस्पितळांत हा उपचार चालला. तो करणारे डॉक्टर काही लबाड नव्हते. त्यांचे रुग्ण खरोखर सुधारत होते. निदान त्यांना तसं दिसत होतं.

1953 साली हॅरॉल्ड बोर्न नावाच्या एका कनिष्ठ ब्रिटिश डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं की ही सगळी दंतकथा आहे. ज्येष्ठ मंडळी खवळली. मग 1957 मध्ये ब्रिटनमध्येच अ‍ॅकनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जे करायला हवं होतं ते केलं. काही रुग्णांना इन्सुलिननं बेशुद्ध केलं, काहींना बार्बिट्युरेट या झोपेच्या औषधानं. बाकी शुश्रूषा, लक्ष, दिनक्रम सगळं सारखं ठेवलं. निकालात दोन्ही गटांत फरक निघाला नाही. म्हणजे सुधारणेचं श्रेय इन्सुलिनकडे जात नव्हतं. या उपचारासाठी निवडलेच जायचे ते बरे होण्याची शक्यता जास्त असलेले रुग्ण. त्यांना वेगळा वॉर्ड मिळायचा, सतत सोबत असणाऱ्या परिचारिका मिळायच्या, आणि डॉक्टरांचा उत्साह तर होताच.

ही गोष्ट मी इतकी लांबवली, कारण माझं आजचं सगळं म्हणणं तिच्यात आहे. नवा उपचार कानावर आला की ‘किती जण बरे झाले’ एवढ्यावर थांबू नका. ते कुणाच्या तुलनेत बरे झाले, हे विचारा.

मानसिक आजारात हा प्रश्न जास्त टोचतो, कारण आपल्याकडे मोजायला रक्ताची तपासणी नाही. मोजपट्टी म्हणजे प्रश्नावली. नैराश्याच्या संशोधनात सर्रास वापरली जाणारी हॅमिल्टन यांची मोजपट्टी 1960 सालची, 17 मुद्द्यांची. त्यातले तीन मुद्दे एकट्या झोपेचे आहेत: झोप लागत नाही, मध्येच मोडते, पहाटे लवकर जाग येते. तिन्ही मिळून सहा गुण. आता एखाद्या औषधानं नुसती गाढ झोप लागली, तरी नैराश्याचे गुण कमी झालेले दिसणार! मोजपट्टी टाकाऊ आहे असं मी म्हणत नाही. तिच्यात काय काय मिसळलंय ते ठाऊक असावं, एवढंच.

दुसरी अडचण वेळेची. माणूस ट्रायलमध्ये, म्हणजे उपचाराच्या चाचणीत, येतो तो बहुधा अगदी वाईट अवस्थेत असताना, आणि तिथून पुढे थोडाफार सुधार आपोआपही होतो. शिवाय कुणीतरी दर आठवड्याला तासभर आपली विचारपूस करतंय, हाही उपचारच. त्यामुळे नैराश्याच्या ट्रायलमध्ये प्लासिबो, म्हणजे दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांपैकीही 35 ते 40 टक्के लोकांत चांगली सुधारणा दिसते. औषधाला या आकड्याच्या वर चढून दाखवावं लागतं.

नैराश्यावरची औषधं तो आकडा ओलांडतात का? ओलांडतात. 2018 मध्ये चिप्रियानी आणि सहकाऱ्यांनी 522 ट्रायल्स आणि एक लाख सोळा हजारांहून अधिक रुग्णांची माहिती एकत्र करून 21 औषधं तपासली. सगळी प्लासिबोपेक्षा सरस ठरली. पण सरासरी फरक माफक होता, आणि बहुतेक ट्रायल्स जेमतेम आठ आठवड्यांच्या. त्याआधी, 2008 मध्ये, टर्नर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेचे, एफडीएचे, कागद उघडले. तिथे अशा औषधांच्या 74 ट्रायल्स नोंदलेल्या होत्या. 38 चा निकाल अनुकूल होता, त्यातल्या 37 छापून आल्या. उरलेल्या 36 प्रतिकूल किंवा संदिग्ध होत्या. त्यातल्या 22 छापल्याच गेल्या नाहीत आणि 11 अशा लिहिल्या गेल्या की वाचणाऱ्याला त्या यशस्वी वाटाव्यात. आहे त्या स्वरूपात छापल्या गेल्या फक्त तीन! इथे कुणी आकडे खोटे केले नव्हते, नकोसे निकाल तेवढे कपाटात राहिले. आज ट्रायल सुरू होण्याआधी तिची जाहीर नोंदणी करायचा आग्रह धरतात, तो अशाच अनुभवांमुळे.

आता केटामिनकडे येऊ. भुलीचं हे जुनं औषध. 2000 साली बर्मन आणि सहकाऱ्यांनी अवघ्या सात रुग्णांवरचा अभ्यास छापला: नैराश्य काही तासांत, काही दिवसांत हलकं झालं. नेहमीच्या गोळ्यांना काही आठवडे लागतात, म्हणून ही बातमी मोठी होती. 2019 मध्ये एस्केटामिनच्या, म्हणजे केटामिनच्याच एका रूपाच्या, नाकात मारायच्या फवाऱ्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. तो घरी घ्यायचा नाही. दवाखान्यात घ्यायचा आणि किमान दोन तास देखरेखीखाली बसायचं, कारण रक्तदाब वाढतो आणि आपण शरीराबाहेर तरंगतोय असं काहींना वाटतं.

आणि नेमकी तिथेच मेख आहे. ज्याला तरंगल्यासारखं वाटलं त्याला कळतंच की आपल्याला खरं औषध मिळालंय. यावर 2013 मध्ये एक उपाय करून पाहिला. तुलनेच्या गटाला सलाइनऐवजी मिडाझोलॅम दिलं, जे स्वतःच गुंगी आणतं. 24 तासांनी केटामिनच्या गटात 64 टक्के आणि मिडाझोलॅमच्या गटात 28 टक्के रुग्णांना प्रतिसाद होता. फरक टिकला, पण 28 हा आकडाही लहान नाही. मग 2023 मध्ये स्टॅनफर्डच्या मंडळींनी आणखी पुढचं पाऊल टाकलं. नैराश्य असलेल्या आणि दुसऱ्याच कारणासाठी शस्त्रक्रिया होणार असलेल्या 40 जणांना पूर्ण भुलीत असताना केटामिन किंवा प्लासिबो दिलं. कुणाला काय मिळालं हे ओळखायची सोयच उरली नाही. दोन्ही गट लक्षणीय सुधारले, आणि जवळपास सारखेच.

म्हणजे केटामिन निकामी का? नाही, तसं म्हणणं घाईचं होईल. भुलीच्या औषधांनीच केटामिनचा परिणाम झाकला असेल, किंवा त्यांचाही स्वतःचा काही परिणाम असेल. अभ्यासही छोटा आहे. पण 1957 चा तो इन्सुलिनचा प्रयोग तुम्हाला आठवला असेल, तर मला म्हणायचंय ते पोचलं.

एमडीएमए (नशेसाठी ‘एक्स्टसी’ म्हणून घेतात ते) आणि सायलोसिबिन (काही अळंब्यांतलं भास घडवणारं द्रव्य) यांच्यापुढेही हीच अडचण आहे. आघातोत्तर तणावविकारासाठी (पीटीएसडी) एमडीएमएच्या साहाय्यानं करायच्या मानसोपचाराला एफडीएनं ऑगस्ट 2024 मध्ये मान्यता नाकारली. त्याआधी तज्ज्ञ समितीत परिणामकारकतेच्या प्रश्नावर नऊ विरुद्ध दोन मतांनी नकार आला होता. आपल्याला औषध मिळालंय हे सहभागींना ओळखता येत होतं, हा तिथला एक मुख्य आक्षेप.

तुलना चोख असली की काय होतं, याचं माझं आवडतं उदाहरण क्लोझापिन, स्किझोफ्रेनियावरचं औषध. फिनलंडमध्ये रक्तातल्या पांढऱ्या पेशी घसरून काही रुग्ण दगावले, तेव्हा 1975 च्या सुमारास ते बऱ्याच ठिकाणी मागे घेतलं गेलं होतं. 1988 मध्ये केन आणि सहकाऱ्यांनी ते फक्त अशा रुग्णांना दिलं ज्यांना आधीच्या किमान तीन औषधांनी गुण आला नव्हता. आणि समोर प्लासिबो ठेवला नाही, क्लोरप्रोमाझिन हे स्किझोफ्रेनियाचं जुनं औषध ठेवलं. 268 रुग्ण, सहा आठवडे. क्लोझापिनला 30 टक्के प्रतिसाद, क्लोरप्रोमाझिनला 4. इथे वाद घालायला जागाच उरली नाही. नियमित रक्त तपासण्याच्या अटीवर औषध परत आलं.

स्किझोफ्रेनियाच्या औषधांत त्यानंतर फार काळ कार्यपद्धती तीच राहिली, डोपामिन या मेंदूतल्या रसायनाचे ग्राहक (रिसेप्टर, म्हणजे पेशीवरच्या ज्या जागी ते रसायन चिकटतं त्या) अडवण्याची. 2024 मध्ये आलेलं झॅनोमेलिन-ट्रोस्पियम मात्र वेगळ्या वाटेनं जातं. झॅनोमेलिन मेंदूतले मस्कारिनिक नावाचे वेगळेच ग्राहक चेतवतं. हे मुळात 1990च्या दशकात अल्झायमरसाठी तपासलं गेलेलं औषध, पण मळमळ-उलट्यांमुळे मागे पडलं होतं. सोबतचं ट्रोस्पियम मेंदूत फारसं शिरत नाही, ते शरीरभर तेच ग्राहक अडवून तो त्रास कमी करतं. कल्पना सुरेख आहे. पण ज्या मुख्य ट्रायल्सवर मान्यता मिळाली त्या पाच आठवड्यांच्या होत्या, आणि आजार बहुधा वर्षानुवर्षांचा.

थोडा वेळ उलटी बाजूही पाहू. कधी चोख ट्रायलच घाईची ठरते. 2005 मध्ये हेलन मेबर्ग यांच्या गटानं कशालाच दाद न देणारं नैराश्य असलेल्या सहा जणांच्या मेंदूत विजेचे हलके झटके देणाऱ्या यंत्राचे इलेक्ट्रोड बसवले, चौघे सुधारले. पुढे 90 रुग्णांची मोठी ट्रायल झाली. सर्वांना यंत्र बसवलं, पण काहींचं बंद ठेवलं. सहा महिन्यांनी दोन गटांत फरक नाही, आणि भरती मध्येच थांबवावी लागली. नंतर सर्वांची यंत्रं सुरू ठेवली, तर दोन वर्षांनी जवळपास निम्म्यांना प्रतिसाद होता. हा यंत्राचा गुण म्हणायचा की काळाचा? तुलनेचा गट तोवर संपलेला, त्यामुळे याचं उत्तर त्या ट्रायलमधून मिळत नाही.

नवा उपचार म्हणजे नवा रेणूच असं नाही. उपचार कोण देणार, हेही नवं असू शकतं. गोव्यात 2017 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्राथमिक आरोग्य केंद्रांवर तीव्र नैराश्याच्या 495 रुग्णांना घेतलं. मानसोपचाराची कुठलीही पदवी नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी सहा ते आठ बैठका घेतल्या: माणसाला पुन्हा छोट्या छोट्या कामांत गुंतवायचं, एवढाच गाभा. नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत फायदा दिसला. झिंबाब्वेत बाकावर बसून बोलणाऱ्या आज्यांचा प्रयोग 573 जणांवर झाला, त्याचाही निकाल अनुकूल. बैठक मिळतेय की नाही हे इथेही सहभागींना कळतंच, तो आक्षेप इथेही लागू. तरी माझा कल या कामाकडे आहे. मानसोपचारतज्ज्ञ सगळीकडेच कमी आहेत, आणि ही पद्धत त्यांच्यावाचून अडत नाही.

एक चिठ्ठी आली आहे: ‘ट्रायलमध्ये भाग घ्यावा का?’ घ्यायला माझी हरकत नाही, पण सही करण्याआधी विचारा. मी दुसऱ्या गटात गेलो तर मला काय मिळेल? चालू गोळ्या बंद कराव्या लागतील का, आणि त्या काळात जीव द्यावासा वाटला तर रात्री-अपरात्री फोन कुणाला करायचा? ट्रायल संपल्यावर औषध चालू राहणार का? यंत्र बसवणार असाल तर पुढे बॅटरी कोण बदलून देणार? संमतीपत्र आपल्या भाषेत मागा, घरी नेऊन वाचा. मध्येच बाहेर पडायचा तुम्हाला हक्क आहे, आणि त्यामुळे नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत. हे त्या कागदावर लिहिलेलं नसेल, तर सही करू नका.