गणवेश स्वखर्चाने! जुन्या अमेरिकेतल्या हौशी पलटणी

नमस्कार मंडळी! एप्रिल १७७५, कनेक्टिकटमधलं न्यू हेवन. लेक्सिंग्टन गावी इंग्रजांशी चकमक झाल्याची बातमी येते आणि बेनेडिक्ट अर्नोल्ड हा स्थानिक कॅप्टन आपली हौशी तुकडी घेऊन गावच्या दारूगोळ्याच्या किल्ल्या मागायला जातो. तुकडीचे कोट कुठल्या रंगाचे? लाल! म्हणजे ज्यांच्याशी लढायचं, त्यांचाच रंग.

कारण गणवेश सरकारने दिलेला नव्हता. तुकडीने स्वतः ठरवलेला होता.

स्वातंत्र्यानंतर, १७९२ मध्ये कायदा आला. १८ ते ४५ वयाच्या प्रत्येक धडधाकट गोऱ्या नागरिकाने मिलिशियात, म्हणजे नागरिकांच्या राखीव फौजेत, नाव नोंदवायचं, आणि बंदूक, संगीन, बंदुकीत ठिणगी पाडणारे दोन जादा गारगोटीचे दगड, चोवीस काडतुसं, सगळं पदरमोड करून आणायचं. काळ्या माणसांना यात जागाच नव्हती.

प्रत्यक्षात काय व्हायचं? कवायतीचा दिवस म्हणजे जत्रा. घरच्या कपड्यात आलेली माणसं, बंदुकीच्या जागी मक्याचं धाट, आणि रम. गैरहजर राहिलं की दंड. अधिकारी बऱ्याच ठिकाणी मतदानाने निवडत, त्यामुळे १८२५ मध्ये फिलाडेल्फियाच्या लोकांनी सरळ थट्टाच मांडली. जॉन प्लक नावाच्या तबेल्यातल्या नोकराला कर्नल म्हणून निवडून दिलं!

त्याच काळात शहरांत हौशी पलटणीही होत्या. हे वेगळंच प्रकरण. इथे प्रवेश मिळवावा लागे, वर्गणी भरावी लागे, शिंप्याचं बिल भागवावं लागे. पिसांचे तुरे, सोनेरी फीत, अस्वलाच्या कातड्याच्या उंच टोप्या. परेड झाली की मेजवानी, हिवाळ्यात नाचाचे जलसे. माझ्या मते हे निम्मं सैन्य आणि निम्मा क्लब होता. आयरिश आणि जर्मन स्थलांतरितांनी आपापल्या पलटणी काढल्या. न्यूयॉर्कच्या एका पलटणीने १८२४ मध्ये लाफायेत या अमेरिकेच्या स्वातंत्र्यासाठी लढलेल्या फ्रेंच सेनानीच्या सन्मानार्थ ‘नॅशनल गार्ड’ हे नाव घेतलं. आजच्या अमेरिकी नॅशनल गार्डचं नाव तिथूनच आलंय.

या हौसेची किंमत १८६१ मध्ये कळली. यादवी युद्ध, बुल रनची लढाई. उत्तरेच्या काही पलटणी करड्या कपड्यांत, दक्षिणेची ३३ वी व्हर्जिनिया पलटण निळ्यात; खरं तर निळा उत्तरेचा रंग आणि करडा दक्षिणेचा. उत्तरेचा तोफखाना अधिकारी ग्रिफिन याच्या तोफांसमोर निळे कोट आले. ग्रिफिन तोफा डागायला तयार होता, पण वरिष्ठ म्हणाले, थांब, आपलेच आहेत. त्या ‘आपल्यांनी’ जवळ येऊन गोळ्या झाडल्या आणि तोफा ताब्यात घेतल्या.