अंश नेटवर, छेद आपल्या रजिस्टरात

मंडळी, 2024 सरता सरता आणि जानेवारी 2025 मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यातल्या काही गावांत लोकांचे केस कसे झडले, हे तुम्हाला मी सांगायला नको. तुमचे सोयरे आहेत तिकडे. आधी पाण्यावर खापर फुटलं. आयसीएमआरचं, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं, पथक येऊन नमुने घेऊन गेलं. मग डॉ. हिंमतराव बावस्करांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियम या खनिजाकडे बोट दाखवलं. केस गेलेल्यांचा आकडा रोज पेपरात यायचा. पण तोच गहू खाऊन, तेच पाणी पिऊन ज्यांचे केस शाबूत राहिले ते किती, हा प्रश्न व्हॉट्सअ‍ॅपवर मला तरी कुठे दिसला नाही.

साथरोगशास्त्राचं अर्धं काम त्या प्रश्नात आहे. म्हणून नेटवर काहीही शोधताना आधी बघायचं: मोजलं कोणी, आणि कितीजणांतून?

साथीची बातमी आली की यूट्यूबवर जाऊ नका. एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रमाचे, म्हणजे आपल्या आयडीएसपीचे, साप्ताहिक अहवाल पीडीएफमध्ये मिळतात. जिल्हा, आजार, रुग्ण, मृत्यू, साथ कधी सुरू झाली, काय उपाय केले, सगळं एका ओळीत. अहवाल चढतात उशिरा, ते सोडून द्या. खरी अडचण अशी की गावाची लोकसंख्या त्यात नाही. चाळीस रुग्ण चारशे वस्तीच्या पोडावरचे, म्हणजे पाड्यावरचे, की चार हजारांच्या गावातले, कळायला मार्ग नाही. जनगणनेत शोधाल तर गावनिहाय आकडे 2011 चे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी 2019-21 ची. तिची जिल्हापत्रकं फुकट आहेत आणि चांगली आहेत, पण ती निवडक घरांवरून काढलेली. तुमच्या उपकेंद्राला त्यातली टक्केवारी चिकटवू नका. मीटिंगमध्ये हा प्रकार सर्रास चालतो.

रुग्णांचा आकडा हा अंश, आणि ते कितीजणांतून आले ती एकूण माणसं म्हणजे छेद. हा छेद आहे तो आशाताईच्या रजिस्टरात. घरोघर फिरून केलेली ती नोंद नेटवर कुठेच सापडणार नाही.

शोधनिबंध हवा असेल तर पबमेड, वैद्यकीय निबंध शोधायचं संकेतस्थळ. तिथे शोधशब्द इंग्रजीतच टाकावे लागतात, आणि 'फ्री फुल टेक्स्ट'वर खूण केली की पैसे मागणारे निबंध गळतात. नुसता सारांश वाचून थांबू नका. तुलनेचा गट कुठला घेतला ते आतल्या पद्धतीच्या भागात असतं.

हिशेबासाठी ओपनएपी हे साथरोगांच्या आकडेमोडीचं साधन घ्या. फुकट आहे, आणि एकदा उतरवून घेतलं की रेंज नसली तरी चालतं. मेळघाटातल्या धारणीकडच्यांना याचं मोल जास्त कळेल. त्यात चार खणांचा तक्ता आहे: संशयित वस्तू खाल्ली आणि आजारी, खाल्ली पण धडधाकट, न खाता आजारी, न खाता धडधाकट. लोक पहिला खण भरतात आणि बातमी देतात. उरलेले तीन भरायला पुन्हा गल्लीत जावं लागतं, आणि ज्याला काहीच झालं नाही तो माणूस तुमच्याशी बोलायला का थांबेल? तो शेतात गेलेला असतो. संध्याकाळी जा.

रजिस्टर ज्यांनी आणलंय त्यांनी पुढे बसा. गेल्या पावसाळ्यातली हगवण घेऊ, लॅपटॉप चालू आहे.