हाताला लागेल तो अंक

मंडळी, दिवाळी अंक योजनेच्या उद्घाटनाला बोलावून तुम्ही मला ‘वाचनसंस्कृती’ असा विषय दिलात. तो मला पेलणारा नाही. मी सरळ दिवाळी अंकांबद्दलच बोलतो, कारण आपल्यातले बरेचसे वाचक तिथेच तयार झाले असं माझं मत आहे.

काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला आणि प्रथा पडली. आज दर दिवाळीला शेकड्यांनी अंक निघतात. एवढे विकत कोण घेणार? घेतले तरी ठेवणार कुठे? म्हणून वाचनालयांची ही योजना. एकदा वर्गणी भरायची आणि पुढचे काही महिने एक अंक परत करून दुसरा न्यायचा. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं. त्या काळी मराठी छापील पुस्तकं मोजकीच, म्हणून ती वाटून वाचावी लागत. आता अंक उदंड झालेत, तरी वाटूनच वाचतो!

या योजनेतली गंमत अशी की हवा तो अंक वेळेवर कधी मिळत नाही. ज्याचा गाजावाजा झालाय तो बाहेर गेलेला असतो. ग्रंथपाल म्हणतात, नाव लिहून ठेवा. मग टेबलावर जे पडलेलं असेल ते उचलायचं. मी कथेच्या ओढीनं जायचो आणि खाडीतल्या मासेमारीवरचा, धरणात गेलेल्या गावावरचा, तमाशाच्या फडाच्या हिशेबावरचा लेख वाचून परत यायचो. यातला एकही विषय मी दुकानात जाऊन पदरचे पैसे मोजून घेतला नसता. पण अंक घरात आलाय, आठवडाभर राहणार आहे, कथा तर पहिल्याच रात्री संपल्यात. मग करता काय? धरणग्रस्तांचं वाचता. वाचता वाचता त्यात अडकता. (वार्षिक भविष्य मात्र हातात पडेपर्यंत निम्मं वर्ष उलटलेलं असायचं. माझा धनलाभ मला नेहमी होऊन गेल्यावर कळला.)

शिवाय तुमच्या आधी तो अंक दहा घरं फिरून आलेला असतो. शब्दकोडं कुणीतरी पेननं सोडवून ठेवलेलं, तेही चुकीचं. एखाद्या कवितेशेजारी ‘वा!’ आणि त्याखाली दुसऱ्या अक्षरात ‘काय वा?’ आमच्या ग्रंथपालांना याचा संताप यायचा, आणि तो रास्तच होता. मला मात्र त्या भांडणात मजा यायची.

आता फोनवर वाचतात, वाचू द्या. माझी तक्रार वेगळी आहे. काल मी जे पाहिलं त्याच्याच जातीचं आज फोन पुढ्यात टाकतो. माझी आवड मला इतकी जपायची नाहीये! आपली आवड कुठवर जाईल हे आपल्यालाच ठाऊक नसतं, आणि नावडत्या पानावर दहा मिनिटं थांबल्याखेरीज ते कळायचं नाही.

मुलांच्या बाबतीत तर आपण फारच घाई करतो. वाच, भाषा सुधारेल. वाच, मार्क वाढतील. पोरानं पुस्तक मिटलं की लगेच विचारतो, काय शिकलास? अहो, रहस्यकथा वाचून तो काय शिकणार? खुनी कोण ते शिकला! तेवढ्यासाठी तो रात्री जागला, हे पुरेसं नाही का?

कार्यकारी मंडळ समोरच बसलंय म्हणून एक विनंती करतो. या वर्षी बालविभागाचे अंक कुलपाच्या कपाटात ठेवू नका, बाहेरच्या बाकावर ठेवा. शाळेतून येणाऱ्या मुलांना अनामत मागू नका, गोषवारा लिहायला लावू नका. चारदोन अंक फाटतील, एखाददुसरा परत यायचा नाही. त्याची भरपाई माझ्याकडून घ्या, पावती मात्र द्या.