आठाची पाऊणपट

(पहाट. बेलापूर, दिवाळे कोळीवाडा. बंदराला लागलेल्या होड्या, मागे शहराचे दिवे.)

आज अष्टमी. तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख, घड्याळाकडे न बघता सांगतात, सहाला भरती पुरी होईल. तिथीची पाऊणपट करायची. आठाची पाऊणपट सहा. ठाण्याच्या दिशेनं खाडीत आत जावं तसं पाणी थोडं उशिरा पोचतं, तेवढं मनात धरायचं.

वाऱ्याला मात्र तिथी नसते. त्यासाठी मोबाइल काढावा लागतो. भारतीय हवामान विभागाचा मच्छीमारांसाठीचा इशारा, आणि हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेचा लाटांचा अंदाज. ‘लाट दीड मीटर’ असं वाचलं, तर ती सगळ्यांत उंच एकतृतीयांश लाटांची सरासरी असते. त्याच पाण्यात एखादी तीन मीटरचीही उठू शकते. आणि ताशी २० किलोमीटरचा वारा ४० झाला, तर त्याचा जोर दुप्पट नाही, चौपट होतो.

हे लाटांचे आकडे खुल्या समुद्राचे. तिथली मोठी लाट इथवर येत नाही, म्हणून खाडी निर्धास्त वाटते. इथला धोका वेगळा. ओहोटीचं पाणी समुद्राकडे धावत असतं आणि नैर्ऋत्येचा वारा समोरून येतो. मग लाटा आखूड आणि उभ्या होतात. होडीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, एकीतून वर येते न येते, तोच दुसरी. काठाकडे वळावं, तर उघडा पडलेला चिखल.

आता पौर्णिमेचा हिशेब करा. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. तिथून संध्याकाळपर्यंत ओहोटी, तीही उधाणाची, जबर ओढीची. आणि खारे वारे जोर धरतात तेही नेमके दुपारीच. अष्टमीला भांग असतो, म्हणजे भरती-ओहोटी लहान, पाण्याला ओढ कमी. अंदाजातला वाऱ्याचा आकडा मात्र दोन्ही दिवशी सारखाच दिसू शकतो. म्हणून आम्हाला मनापासून वाटतं, प्रत्येक कोळीवाड्याच्या बंदरावर एक फळा हवा. त्यावर रोज वारा, लाट आणि शेजारी तिथी. हौसेनं होडी घेऊन येणाऱ्या शहरवाल्यांनाही तो वाचता येईल.

सहा वाजून गेले. पाणी थबकलंय. आज दहानंतर वारा वाढणार आहे, सुकती, म्हणजे पुरी ओहोटी, बाराला. तांडेल दोर सोडतात. जाळं जवळच टाकणार, करावे गावासमोर.