एप्समच्या विहिरीवरचा रविवार

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय एप्सम सॉल्टबद्दल. दिसायला साखरेसारखं, चवीला कडू असं हे मीठ म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. दमलेले पाय, आखडलेली पाठ, राठ झालेल्या टाचा, सगळ्यांसाठी लोक ते वापरतात. कसं वापरायचं ते सांगणारच आहे. पण आधी मला पेपिससाहेबांची गोष्ट सांगू द्या, ती सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

लंडनच्या दक्षिणेला, सरे परगण्यात एप्सम नावाचं गाव आहे. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या माळावर एका गुराख्याला कडू पाणी सापडलं. गुरं म्हणे त्याला तोंड लावीनात. जनावरांनी नाकारलेलं माणसांनी मात्र डोक्यावर घेतलं! ते पाणी प्यायलं की पोट साफ होतं, ही बातमी पसरली आणि लंडनहून बग्ग्या यायला लागल्या.

अशाच एका बग्गीत होते सॅम्युअल पेपिस. इंग्लंडच्या नौदलाच्या कचेरीतले अधिकारी आणि रोजनिशी लिहिणारे. तीही अशी, की स्वतःची फजिती झाली तरी लपवायची नाही. तारीख 14 जुलै 1667, वार रविवार. पहाटे चारच्या आधीच उठले. बायकोला आवरायला वेळ लागला म्हणून चिडले. आता मला सांगा, सुट्टीच्या दिवशी पहाटे चारला उठवल्यावर कोण झटपट तयार होईल? सहलीला लवकर निघायचा हट्ट धरणारी माणसं प्रत्येक घरात असतात, आणि उशिराचं खापर फोडायला त्यांना दुसरं कुणीतरी लागतंच. असो.

आठ वाजता विहिरीवर पोचले. तिथे ही गर्दी. बरोबरच्या बायकांनी पाणी प्यायलं नाही. साहेब मात्र चार पाइंट प्यायले, म्हणजे साधारण दोन लिटर! गुण कसा आला तेही त्यांनी मोठ्या समाधानानं लिहून ठेवलंय. ते मी वाचून दाखवत नाही, कुणी जेवत असेल.

मग मंडळींना घेऊन साहेब रानात शिरले आणि सगळे वाट चुकले. कशीबशी वाट सापडली, आणि रानातून बाहेर पडताना साहेबांनी एका लहानशा उंचवट्यावरून खाली उडी मारली. उजवा पाय मुरगळला. चालता चालता दुखायचं थांबलं, म्हणून पुढे माळावर मेंढ्या बघत हिंडले. परतीच्या वाटेवर पायाच्या दुखण्यानं पुन्हा डोकं वर काढलं. बग्गीतल्या एका बाईंनी आपला गरम हात त्यावर धरून ठेवला, त्यानं जरा बरं वाटलं. पण रात्री अकराला घरी पोचले तेव्हा गल्लीच्या तोंडापासून दारापर्यंतसुद्धा आधाराशिवाय चालवेना.

म्हणजे बघा, एप्समचं दोन लिटर पाणी पोटात आणि ठणकतोय पाय! पायाला लावायला मीठ तरी कुठून आणणार? पाणी आटवून काढलेल्या त्या मिठाबद्दल लंडनचे डॉक्टर नेहेमाया ग्रू यांनी सविस्तर लिहिलं ते 1695 मध्ये. 1698 मध्ये त्यांना त्याचा राजपरवाना मिळाला, पण तोवर त्यांच्याच पुस्तिकेचा न विचारता इंग्रजी अनुवाद करून मोल्ट नावाचे औषधविक्रेते भाऊ स्वतःचं मीठ विकायला लागलेही होते. नकली-असलीचे वाद तेव्हाही होते तर.

समजा, त्या रात्री साहेबांच्या घरी डबाभर एप्सम सॉल्ट असतं, तर? तरीही नको. ताजा मुरगळलेला पाय गरम पाण्यात घालायचा नाही. पहिले एक-दोन दिवस थंड शेक, आणि पाय उंचावर. पुन्हा सांगते, आधी थंड. सूज उतरली की मग कोमट.

सूज नाही, नुसते पाय दमलेत, तर टबभर कोमट पाणी, त्यात अर्धी वाटी मीठ, पंधरा-वीस मिनिटं. कोमट म्हणाले, कढत नाही. हे मीठ कातडीतून आत शिरून स्नायू सैल करतं असं डब्यांवर लिहितात, त्याला भक्कम पुरावा नाही. आराम पडतो, हे खरं. माझ्या मते त्यातलं अर्धं श्रेय उबेचं आणि अर्धं वीस मिनिटं कुणी हाक न मारण्याचं. तेव्हा रंग आणि वास घालून महाग केलेल्या बरण्या घेऊ नका, साधं एप्सम सॉल्ट घ्या.

टाचा भिजून मऊ झाल्या की हलक्या हातानं घासा, पुसा आणि लगेच तेल किंवा क्रीम लावा, नाहीतर कातडी आणखी कोरडी पडेल. थोड्या तेलात चमचाभर मीठ कालवून कोपरं-गुडघेही चोळता येतात. चेहऱ्याला मात्र नको, खडे टोचतात. उघड्या जखमेवर नको. मधुमेह असेल तर पाय भिजवत बसणंच नको, कारण पाण्याचा चटका कळेलच असं नाही.

आणि पिणं? पोट साफ करायला ते आजही काम करतं, कारण ते आतड्यात पाणी ओढून धरतं. पण पेपिससाहेबांचा कित्ता गिरवू नका. ज्यांचं मूत्रपिंड नीट काम करत नाही त्यांच्या रक्तात मॅग्नेशियम साठतं, आणि ते जिवावर बेतू शकतं. मीठ पाण्यात घालायचं, पोटात नाही. पोटात घ्यायचंच तर डॉक्टरांना विचारून, त्यांनी सांगितलं तेवढंच. आणि डब्यावर मोठ्या अक्षरांत नाव लिहून तो स्वयंपाकघराबाहेर ठेवा, साखरेच्या शेजारी नको.