चेटकिणीचं नाक आणि चौदा देवदूत

(कोलोन परिसरातल्या मराठी कुटुंबांसमोर, परीकथांवरच्या ऑपेरा आणि संगीतनाट्याच्या एका कौटुंबिक मैफलीआधी केलेलं भाषण. शब्दांकन करताना थोडं संपादन केलं आहे.)

मंडळी, नमस्कार. मुलांना पुढे सतरंजीवर बसू द्या. शेवटी मला त्यांच्याशी बोलायचंय.

या आठवड्यात तुमच्यापैकी तिघाचौघांनी मला एकच प्रश्न विचारला. ‘ताई, ऑपेरा पोरांना झेपेल का हो?’ मी या मैफलीच्या समूहगानात गाते आणि चार महिने तालमींना जाते आहे, म्हणून मला विचारलंत. माझं उत्तर असं आहे की आज जो मुख्य भाग तुम्ही ऐकणार आहात, तो म्हणजे ‘हान्सेल आणि ग्रेटेल’ हा ऑपेरा, मुळात झाला तोच पोरांसाठी, आणि तोही घरात.

एंगेलबर्ट हुम्परडिंक हा संगीतकार आपल्या शेजारच्या झीगबुर्गचा. जन्म १८५४ चा. तरुणपणी तो बायरॉइट गावी वाग्नर या नामांकित ऑपेरा-संगीतकाराच्या हाताखाली होता. १८९० मध्ये त्याची बहीण आडेलहाइड वेटे हिने त्याला गळ घातली. पोरी घरात छोटंसं नाटक करणार आहेत, हान्सेल आणि ग्रेटेलची गोष्ट आहे, माझ्या चार कवितांना चाली लाव. मामाने चाली लावल्या. घरच्यांना त्या इतक्या आवडल्या की चाराची सोळा गाणी झाली, पियानोच्या साथीवर. मग त्याला राहवेना, आणि त्यातूनच भल्यामोठ्या वाद्यवृंदाचा संपूर्ण ऑपेरा उभा राहिला. २३ डिसेंबर १८९३ ला वायमारमध्ये पहिला प्रयोग झाला, तेव्हा वाद्यवृंदासमोर उभा होता एकोणतीस वर्षांचा रिचर्ड श्ट्राउस, पुढे स्वतःच मोठा संगीतकार झालेला. तेव्हापासून जर्मनीत नाताळ आला की हा ऑपेरा लागतोच.

म्हणून कुणी म्हणालं की ‘वाद्यवृंद नाही, नुसता पियानो आहे, म्हणजे घरगुती प्रकार’, तर मला वाईट वाटतं. घरगुतीच तर होता तो. तुमची मुलं बालवाडीतून पाय आपटत, टाळ्या वाजवत ‘ब्र्यूडरशेन, कोम टान्त्स मिट मिअर’ म्हणत घरी येतात ना? ‘दादा, ये, माझ्याबरोबर नाच’ असं म्हणणारी ती ग्रेटेल याच ऑपेरातली आहे. शब्द आडेलहाइडचे. म्हणजे निम्मी ओळख मुलांची आधीच झालेली आहे. अडतो आपण, आईवडील.

आडेलहाइडने गोष्टीत एक बदल केला, तो मला फार मोलाचा वाटतो. मूळ गोष्ट ग्रिम बंधूंच्या परीकथासंग्रहातली. त्याच्या १८१२ च्या पहिल्या आवृत्तीत मुलांना रानात सोडून यायचा बेत सख्ख्या आईचाच असतो. पुढे १८४० च्या आवृत्तीत ती सावत्र झाली. आडेलहाइडने आई सख्खीच ठेवली, पण तिला थकलेली, भुकेली बाई केलं. घरात दिवसभरात काही शिजलेलं नाही. शेजारणीने दिलेलं दूध तेवढं आहे. आई दमून घरी येते, तर मुलं काम टाकून नाचताहेत. ती मारायला धावते आणि तिच्याच धक्क्याने दुधाचं भांडं फुटतं. मग त्या संतापात ती दोघांना रानात पिटाळते, स्ट्रॉबेऱ्या आणा म्हणून. मुलं गेल्यावर ती एकटी बसते आणि मुलांच्या पोटासाठी देवापाशी पैसे मागते. तेवढ्यात बाप येतो. त्याचे झाडू खपलेले असतात आणि टोपलीत अंडी, लोणी, सगळं असतं. पोरं कुठे, असं तो विचारतो, आणि दोघंही रानाकडे धाव घेतात.

हा प्रसंग तालमीत पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला रडू आवरेना. परक्या गावात नोकरी करून सात वाजता घरी येणाऱ्या आणि पोरांवर खेकसणाऱ्या आयांना ही आई समजावून सांगावी लागत नाही. तेव्हा मुलांच्या शेजारी बसा. त्यांना सोडून बाहेर कॉफी पीत उभे राहू नका.

आता भीतीबद्दल. रानात या दोघांना एक चेटकीण गाठते, मुलांना भट्टीत घालून त्यांचं जिंजरब्रेड, म्हणजे आल्याचा गोड पाव, करणारी. गुरुवारी आमची रंगीत तालीम होती. चेटकिणीचं काम एक गृहस्थ करतात. हे गाणं मुळात स्त्रीच्या आवाजासाठी लिहिलेलं आहे, पण आजकाल पुष्कळदा पुरुष गातात. दिलीप प्रभावळकरांनी ‘अलबत्या गलबत्या’मध्ये रंगवलेली चिंची चेटकीण ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यात नवल वाटायचं नाही. तर, बालसमूहात सहा वर्षांची एक मुलगी आहे. ते लांब वाकडं नाक बघून ती विंगेत जाऊन रडायला लागली. ते गृहस्थ गाणं थांबवून तिथेच खाली बसले. त्यांनी नाक काढलं आणि तिच्या हातावर ठेवलं. मऊ रबराचं, आतून गोंदाने चिकट झालेलं. ‘मला नीट लावता येत नाही, तू लाव,’ म्हणाले. तिने दोन्ही अंगठ्यांनी ते दाबून बसवलं, जीभ बाहेर काढून, अगदी मन लावून. मग प्रसंग पुन्हा सुरू झाला. चेटकीण ओरडली आणि ती मुलगी पुन्हा दचकली! पण या वेळी जागेवरून हलली नाही. तुमचं मूल घाबरलं तर त्याला मांडीवर घ्या, डोळे मात्र झाकू नका. पुढे चेटकिणीची भट्टी फुटते आणि जिंजरब्रेडची झालेली मुलं पुन्हा जिवंत होतात. तिथपर्यंत त्याने पोचायला हवं.

उत्तरार्धात सिंड्रेला आहे, दोन तऱ्हांची. पहिली पोलीन व्यार्दो यांची. एकोणिसाव्या शतकातली ही मोठी गायिका. १९०४ मध्ये, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, त्यांनी शब्द आणि संगीत दोन्ही स्वतः रचलेली ही छोटी संगीतिका पॅरिसच्या एका दिवाणखान्यात झाली. तिलाही साथ पियानोचीच. दुसरी रॉजर्स आणि हॅमरस्टाइन या अमेरिकन संगीतकार-गीतकार जोडीची, टीव्हीसाठी लिहिलेली. ३१ मार्च १९५७ ला अमेरिकेत ती थेट प्रक्षेपित झाली आणि दहा कोटींहून जास्त लोकांनी पाहिली. एक खोलीभर माणसांसाठी, एक अख्ख्या देशासाठी. गाणाऱ्या मुली मात्र आज त्याच आहेत. पहिलीत सूर कसा लांबतो आणि दुसरीत शब्द कसा बोलल्यासारखा येतो, एवढं ऐका.

आणखी एक. आज कुणापुढेही माइक नाही. आपल्या संगीत नाटकातले जुने नट खड्या आवाजात शेवटच्या रांगेपर्यंत पद पोचवायचे, तसंच हे. दहा फुटांवरून असा आवाज अंगावर येतो, तो अनुभव मोबाइलमध्ये सापडत नाही.

आता मुलांनो, तुम्ही. गोष्टीत रात्र होते. हान्सेल आणि ग्रेटेल रानात हरवलेत आणि झोपण्यापूर्वी प्रार्थना म्हणतात. त्या प्रार्थनेत म्हटलंय, चौदा देवदूत माझ्याभोवती उभे आहेत. दोन उशाशी, दोन पायाशी. दोन उजवीकडे, दोन डावीकडे. दोन पांघरूण घालणारे, दोन जागं करणारे. आणि शेवटचे दोन स्वर्गाची वाट दाखवणारे. बोटांवर मोजा बरं, झाले का चौदा?

हीच चाल पियानोवर अगदी सुरुवातीला वाजेल, पडदा उघडायच्याही आधी. तेव्हा ती नीट लक्षात ठेवायची. मग गोष्टीत अंधार झाला आणि ती पुन्हा आली, की शेजारी बसलेल्या आईचा किंवा बाबांचा हात दाबायचा, म्हणजे त्यांनाही कळेल.

चला, पावणेपाच झाले. मला गाऊन चढवायचाय.